एक माप मोठा

कासुमी मोतेगीचे दारुमा, म्हणजे नवसाचे गोल बाहुले, पॅरिसात विकले जायचे, न्यूयॉर्कात विकले जायचे, तोक्योच्या स्टेशनांवर यंत्रात नाणं टाकून दांडा फिरवला की टपकन हातात पडायचे. फक्त तिच्या बापाच्या पालात ते कधी विकले गेले नाहीत. म्हातारा ते ठेवूनच घ्यायचा नाही.

ताकासाकीच्या डोंगरावरच्या देवळाखाली नव्या वर्षाची जत्रा भरते. तिथे मोतेगींचं पाल तीन पिढ्या एकाच जागी लागतं, काडीला लावलेले मांजूचे पाव भाजणाऱ्याच्या धुरात. धूर डोळ्यांत जातो म्हणून तिन्ही पिढ्यांनी शिव्या घातल्या, पण जागा कोणी बदलली नाही. कासुमीचा बाप एइझो तिथे स्टुलावर बसून दारुमांच्या भुवया काढतो. बाकीचे दुकानदार घरूनच तोंड रंगवून आणतात. मोतेगींची रीत अशी की भुवया गिऱ्हाइकासमोर काढायच्या, त्याचं तोंड बघून. डोळे मात्र कोरे. दारुमा घरी न्यायचा, मनातलं मागायचं आणि एक डोळा भरायचा. मागितलेलं मिळालं की दुसरा. मग वर्ष सरताना तो देवळात आणून आगीला द्यायचा आणि उतरताना पुढच्या वर्षासाठी एक माप मोठा घ्यायचा. हातपाय नसलेला तो तांबडा गोळा, बुडाला वजन, ढकलला तरी उभाच. पण आगीपुढे त्याची तक्रार नसते. त्यासाठीच तो केलेला असतो.

कासुमीचे दारुमा मात्र कायमचे होते. पुरुषभर उंचीचे गुलाबी आणि पोपटी, संग्रहालयांत ठेवायला. आणि अंगठ्याएवढे प्लास्टिकचे, पोरांच्या दप्तरांना लटकवायला. तोंड दोघांचं एकच. करोडपती आणि शाळकरी पोर दोघांकडे माझं एकच तोंड आहे, हे ती अभिमानाने सांगायची. त्यावर तोक्योचे जाणकार नाक मुरडून म्हणायचे, ही कलावंत कसली, दुकानदारीण आहे. आणि घरी आलं की बाप म्हणायचा, "चित्रं काढतेस ते ठीक. पण धंदा तुला कळत नाही, पोरी. माझं गिऱ्हाईक दर वर्षी येतं. तुझं एकदा येतं, ते गेलंच." म्हणजे तिकडे दुकानदारी करते म्हणून शिव्या, इकडे दुकानदारी येत नाही म्हणून टोमणे. चव्वेचाळिसाव्या वर्षी तिला दोन्हींची सवय झाली होती. जत्रेला मात्र ती न चुकता यायची. पालाच्या मागच्या बाजूला बसून दारुमा कागदात गुंडाळून द्यायची. भुवयांच्या कुंचल्याला हात लावायची तिला परवानगी नव्हती.

त्या वर्षी दुपारच्या ऐन गर्दीत हारुयो काकू आल्या. वेशीजवळ त्यांचं उदोनचं, जाड शेवयांच्या रश्श्याचं दुकान. कासुमीने लहानपणी तिथे किती वाडगे रिकामे केले असतील त्याला हिशेब नाही. काकूंच्या हातात नारळाएवढा पोपटी दारुमा होता. कासुमीने लांबूनच ओळखला. संग्रहालयाच्या दुकानात विकायला तिनेच काढलेला तो नमुना होता.

"एइझोभाऊ, हा वरती घेत नाहीत हो," काकू म्हणाल्या. "भिक्षू म्हणतो प्लास्टिक आहे, विषारी धूर होतो, परत न्या."

"मग न्या परत," एइझो मान वर न करता म्हणाला. हातातली भुवई अर्धी झाली होती.

"न्या म्हणजे कुठे नेऊ? दोन्ही डोळे भरलेत. आमचे हे इस्पितळातून स्वतःच्या पायांनी चालत घरी आले. म्हटलं, तुमच्या कासुमीचा आहे, मोतेगींचाच आहे, म्हणून मुद्दाम हा घेतला. आता काय कचऱ्यात टाकू? डोळे भरलेल्याला?"

रांगेतली माणसं बघायला लागली. मांजूवाल्याने पंखा थांबवला. एइझोने कुंचला खाली ठेवला, टोपी काढली, फळीखालून वाकून बाहेर आला आणि काकूंपुढे कमरेतून इतका खाली वाकला की त्याचं टक्कल काकूंच्या पिशवीला लागलं.

"चूक आमची आहे," तो म्हणाला. "मोतेगींच्या नावाने जळत नाही असा दारुमा गेला. माफ करा."

हा माणूस करवसुलीच्या साहेबापुढेही मान हलवण्यापलीकडे कधी वाकला नव्हता. कासुमीच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. आजवर टीकाकारांनी तिची चामडी सोलली होती, एकाने तर भर सभेत तिला फेरीवाली म्हटलं होतं, ते सगळं तिने हसून पचवलं होतं. हे पचलं नाही. ती बाहेर आली, बापाच्या शेजारी वाकली आणि काकूंच्या हातातला दारुमा घेऊन म्हणाली, "काकू, हा माझ्याकडे राहू द्या. बदल्यात मी तुम्हाला कागदाचा देते. माझ्या हातचा."

संध्याकाळी पाल आवरलं. शेवटचं खोकं बांधून झाल्यावर दोघांनी मांजूची एकेक काडी घेतली. काडी धरलेला म्हाताऱ्याचा हात थरथरत होता. थंडीने थरथरतो त्यापेक्षा जास्त.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"उन्हाळ्यापासून. पुढची जत्रा शेवटची. मग पाल बंद."

"बंद कशाला? भुवया मी काढीन."

"तू?" एइझोने मांजूवरचा मिसोचा रस लागलेली बोटं चाटली. "जिचा दारुमा जळत नाही, तिने मोतेगींच्या भुवया काढायच्या?"

"कागदाचे करते म्हटलं ना. आणि तुमचे कोरे दारुमा तरी कुठे हाताचे आहेत? कारखान्यात मशीनवर निघतात."

"निघतात. पण जळतात." त्याने काडी मोडून शेगडीत टाकली. "आणि कागदाचा केलास म्हणून काय झालं? तुझी ती माणसं काचेच्या पेटीत घालून ठेवतील. परत आला पाहिजे, कासुमी. परत आला तर तो दारुमा, नाहीतर नुसतं खेळणं. पुढच्या जत्रेला तुझा एक, फक्त एक, जळायला परत येऊ दे. कुंचला तुझा. नाही आला तर पाल बंद, आणि पुन्हा विषय काढायचा नाही."

"ठरलं," कासुमी म्हणाली.

तोक्योला परत गेल्यावर तिने पहिलं काम केलं ते म्हणजे प्लास्टिकचं सगळं काम थांबवलं. तिच्या कारखान्यात तीसेक माणसं होती. त्यांना वाटलं, बाईंचं डोकं फिरलं. ती ताकासाकीला येऊन राहिली आणि घरामागच्या खोपटातून पणजोबांचे लाकडी ठोकळे बाहेर काढले. एकावर उंदरांनी घर केलं होतं. ठोकळ्यावर ओला कागद थरावर थर चढवायचा, वाळला की पाठीत चीर देऊन ठोकळा काढून घ्यायचा, चीर चिकटवायची, बुडाला मातीचं वजन बसवायचं. ऐकायला एवढंच. कागदाला सुरकुती पडायची, चीर उसवायची, आणि ढकललेला दारुमा उठायच्या ऐवजी शांतपणे आडवा पडून राहायचा. कासुमी कागद फाडून पुन्हा भिजवायची. शिव्याही घालायची, पण हात थांबायचा नाही.

पहिला जमला तो फेब्रुवारीत. त्या आठवड्यात डोंगरावरचा कोरडा वारा पडला होता, आणि काकूंना शब्द दिलेला, म्हणून तिने तो स्टोव्हजवळ वाळवला. एका बाजूने आखडला. ढकलला की उठायचा, पण दोन पेले चढवल्यासारखा तिरका उभा राहायचा. बाप दारातून बघून गेला.

"स्टोव्हवर वाळवलास ना?"

"वारा नव्हता."

"वारा नसला तर थांबायचं असतं. गावात दारुमा का होतात असं वाटतं तुला? आमच्या हुशारीमुळे?"

तिने तो तिरकाच काकूंना नेऊन दिला, खाली मान घालून. काकूंनी तो गल्ल्याशेजारी ठेवला, एकदा ढकलून बघितला आणि म्हणाल्या, "ह्याची कंबर माझ्यासारखीच आहे." आत जाऊन त्यांनी त्याचा एक डोळा भरला. काय मागितलं ते सांगितलं नाही, सांगायचं नसतंच. काकूंचा पोपटी दारुमा कासुमीने आपल्या कामाच्या टेबलावर ठेवला. भरलेल्या दोन्ही डोळ्यांनी तो वर्षभर तिच्याकडे बघत राहिला, आणि ती त्याच्याकडे बघून पुढचा कागद भिजवायची.

वसंतात त्सुकुदा आला. गिन्झामध्ये त्याची गॅलरी होती, आणि कासुमीला कोणी दारात उभं करत नव्हतं तेव्हा तिचं पहिलं चित्र त्याने विकलं होतं. चकचकीत बुटांनी तो खळीच्या डबक्यांतून उड्या मारत आला.

"कागद उत्तम, मॅडम," तो म्हणाला. "कागदाला माझी ना नाही. पण ही अट? एका वर्षाने जाळा? अहो, लोक चित्र घेतात ते नातवंडांना ठेवून जायला."

"मग नातवंडांना दर वर्षी नवा घेऊ द्या."

"तुम्ही तुमच्या वडिलांसारखं बोलायला लागलात."

"उशीरच झाला जरा," कासुमी म्हणाली.

त्सुकुदा हसला. "मी विकीन. लोकांना अटीची गंमत वाटेल, गमतीवरच विकीन. पण एक आत्ताच सांगतो, परत कोणी आणणार नाही."

"आणतील."

गॅलरीत तीस दारुमा लागले. रंग तिचेच, भडक, अंग कागदाचं. सगळे गेले. भुवया तिने काढल्या नव्हत्या; कुंचला अजून बापाचाच होता. ती जागा कोरीच सोडली होती, आणि त्यावरही एका जाणकाराने पानभर लिहिलं. तिने हट्ट एकच धरला: घेणाऱ्याने तिथल्या तिथे काहीतरी मागून एक डोळा भरायचा, नाहीतर विक्री नाही. अर्ध्या लोकांचे चेहरे पडले. डोळा भरला की भाव उतरतो म्हणे! एका उद्योगपतीने बुबुळाच्या जागी मोहरीएवढा ठिपका दिला आणि विचारलं, "एवढा पुरे ना?" कासुमीने कुंचला पुन्हा त्याच्या हातात दिला. "मोठा भरा. त्याला दिसलं पाहिजे." त्सुकुदाच्या कपाळाला घाम आला होता, पण उद्योगपतीने भरला.

पानगळीत त्यातला एक लिलावात निघाला, तिप्पट भावाने. बातमी पेपरात आली. एइझोने कात्रण कापून फ्रिजवर चिकटवलं. कासुमी रोज फ्रिजमधून दूध घेताना ते वाचायची. तिने घेणाऱ्या प्रत्येकाला फोन केले. सगळे गोड बोलले. एकाचा सिंगापूरच्या गोदामात थंड हवेत ठेवलेला होता. एकीची इच्छा अजून पुरी व्हायची होती. एकाने उलट तिलाच विचारलं, जाळण्याचं खरोखरच म्हणत होतात का? रात्री उशीवर डोकं टेकलं की तिला भीती वाटायची, की म्हातारा जिंकणार आणि ते पाल, तो धूर, ते स्टूल सगळं जाणार. सकाळी उठून ती पुन्हा कागद लावायची. आता तिचे दारुमा सरळ उभे राहत होते. वारा पडला की ती थांबायची.

जत्रा आली. पहिला दिवस कोरडाच गेला, तिचा एकही दारुमा परत आला नाही. एइझो भुवया काढत होता. एक नीट येई, दुसरी वळणावर फाटे. फाटलेला तो मुकाट्याने फळीखाली सरकवायचा. गिऱ्हाईक वाट बघायचं, कोणी तक्रार केली नाही. ताकासाकीची माणसं तेवढी जाणती आहेत. दुसऱ्या दिवशी दुपारी त्सुकुदा उगवला, लांब कोटात गारठलेला. कोणी आणलाय का बघायला आलो, म्हणाला. कोणी आणला नव्हता. वर देवळाच्या अंगणात जुन्या दारुमांचा ढीग छपराला टेकला होता आणि भिक्षू आग पेटवायची तयारी करत होते.

"बाबा," दारुमा गुंडाळता गुंडाळता कासुमी म्हणाली, "पाल तुम्ही बंद केलंत तरी पुढच्या वर्षी मी येणार. मांजूवाल्याच्या पलीकडे चटई टाकून बसेन. कुंचला माझा मी विकत घेईन."

"चटईवर मोतेगी हे नाव लावायचं नाही."

"नाही लावणार. बिननावाची बसेन."

म्हाताऱ्याने तिच्याकडे एकदा बघितलं आणि कुंचला पुन्हा शाईत बुडवला. तेवढ्यात गर्दीतून हारुयो काकू आल्या. छातीशी धरलेल्या कापडातून एक तांबडं डोकं बाहेर आलेलं होतं, एका बाजूला कललेलं.

"वर चाललेय," काकू म्हणाल्या. "म्हटलं, जाताना हिला दाखवून जावं. दुसरा डोळा भरला गं, पोरी! दुकान बंद पडू देऊ नको एवढंच मागितलं होतं. पुतणी आली ओसाकाहून. आता पीठ तीच मळते. वाईट मळते, पण मळते."

कासुमीच्या हातातला कागद सुटला. तीस दारुमांची वाट बघता बघता हा एकतिसावा, खरं तर पहिला, ती साफ विसरली होती. तिरका, आखडलेला, न विकलेला. पण त्सुकुदाची नजर त्यावर पडली आणि तो पुढे झाला.

"हा कुठला? कागदी? मॅडम, हा पहिला आहे का?"

"पहिला," ती म्हणाली.

"काकू, थांबा, थांबा!" त्याने काकूंची वाटच अडवली. "हा मला द्या. मी थट्टा करत नाही. ह्याचे एवढे पैसे येतील की तुमच्या दुकानाचं छप्पर, भिंती, भट्टी सगळं नवं होईल."

काकूंनी कासुमीकडे बघितलं. "हा काय म्हणतो गं? खरं आहे?"

मांजूवाल्याचा पंखा पुन्हा थांबला. कासुमीला एक शब्द पुरला असता. नाही म्हणाली असती, अहो हा खुळा आहे म्हणाली असती, तर काकू वर गेल्या असत्या आणि पाल वाचलं असतं. पण उदोनच्या दुकानात पाऊस आला की काकू टेबलांवर पातेली मांडतात, हे सगळ्या गावाला माहीत होतं आणि तिलाही होतं. काकूंना फसवून मिळालेला कुंचला ती कोणत्या तोंडाने धरणार होती?

"खरं आहे, काकू," ती म्हणाली. "तेवढे मिळतील. जास्तच मिळतील. तुम्ही विकलात तर मला वाईट वाटणार नाही." शेवटचं वाक्य खोटं होतं, पण तिने ते नेटाने म्हटलं.

एइझोचा कुंचला हवेत थांबला होता. काकूंनी कापड बाजूला सारून दारुमाच्या तोंडाकडे बघितलं. छप्पर डोळ्यांपुढून गेलंच असेल; त्या काही संत नव्हत्या, कांद्याच्या पातीवरून भाजीवाल्याशी भांडणाऱ्या बाई होत्या.

"छे," त्या शेवटी म्हणाल्या. "वर्षभर ह्याच्यापुढे रडलेय मी. नवऱ्याला काय काय बोलले, जावेविषयी काय म्हणाले, सगळं ऐकलंय ह्याने. आता ह्याला परक्याच्या घरी पाठवू? आणि तिथे हा उभा राहणार माझं सगळं पोटात घेऊन? नको बाई. बाजूला व्हा, साहेब."

त्सुकुदा बाजूला झाला. दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. कासुमी काकूंचा हात धरून पायऱ्या चढली. वरच्या भिक्षूने काकूंना ओळखलं, संशयाने दारुमावर टिचकी मारून बघितली. ठप, असा कागदाचा पोकळ आवाज आला. त्याने मान हलवली. काकूंनी हात जोडले, "बराय हं," म्हणाल्या आणि दारुमा ढिगावर टाकला. तो घरंगळला, उठला, तिरकाच उभा राहिला. मग आगीने त्याला घेतलं. कासुमी रडली. धुराचं निमित्त तिने केलं नाही.

खाली आल्यावर ती बापासमोर उभी राहिली. "तो विकलेला नव्हता," ती म्हणाली. "बदल्यात दिला होता. शर्तीत बसत नसेल तर सांगा."

"परत आला ना?" एइझो म्हणाला.

"भाऊ," मागून काकू धापा टाकत आल्या, "तुमचं आवरू द्या नंतर. मला नवा द्या. एक माप मोठा. आणि ह्या वेळी सरळ द्या हो."

एइझो स्टुलावरून उठला. गुडघे धरत, सावकाश. फळीवरचा कुंचला त्याने उचलला आणि लेकीपुढे धरला.

"मला काय सांगता, काकू? तुमची दुकानदार ही. गिऱ्हाईक उभं आहे, कासुमी."

कासुमीने मागच्या खोक्यातला आपला एक दारुमा काढला, वाऱ्यावर वाळलेला. फळीवर ठेवून ढकलला. तो सरळ उठला. ती स्टुलावर बसली. स्टूल अजून गरम होतं. तिने कुंचला शाईत बुडवला आणि काकूंच्या तोंडाकडे बघितलं.

"भुवया कशा काढू?"

"रागीट काढ," काकू म्हणाल्या. "पुतणी फार आळशी आहे."